क्लोन केलेल्या ड्राइव्हवर सर्च बिघडलंय? इंडेक्स दुरुस्त करायचा योग्य क्रम

जुन्या हार्डडिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, करून लॅपटॉपला नवीन एसएसडी टाकली, मशीन झकास सुरू झालं, डेस्कटॉप तोच, फोल्डर तेच, आणि मग सर्चमध्ये रोजच्या फाइलचं नाव टाकलं तर काहीच येत नाही. किंवा अर्धंमुर्धं येतं, जी फाइल डिलीट केली ती दिसते आणि जी समोर आहे ती दिसत नाही. किंवा इंडेक्सिंगचा, म्हणजे सर्चसाठी विंडोज फाइलची यादी बनवतं त्याचा, आकडा एका जागी अडकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथेच.

अशा वेळी जवळपास सगळे जण एकच गोष्ट करतात, थेट रीबिल्डचं, म्हणजे इंडेक्स पहिल्यापासून बनवायचं, बटण दाबतात. कधीकधी तेवढ्याने काम होतंही. पण बऱ्याचदा दोन दिवस बरं चालतं आणि परत तेच, आणि मग लोक कंटाळून विंडोजच नव्याने टाकतात, ज्याची गरज नव्हती. चुकतंय ते बटण नाही, क्रम चुकतोय. ज्या ड्राइव्हच्या फाइल सिस्टिममध्येच, म्हणजे फाइल कुठे कशा ठेवल्यात त्या मांडणीतच, गडबड आहे तिच्यावर नवीन इंडेक्स बनवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग मारणं आहे. आधी खालचं तपासायचं, मग इंडेक्स.

दुसरी गोष्ट, जी हे सगळं करताना सतत डोक्यात ठेवा: इंडेक्स हा तुमचा डेटा नाही. तुमच्या फाइल वाचून विंडोजने बनवलेली ती यादी आहे. ती पूर्ण उडवली तरी तुमची एकही फाइल जात नाही, यादी परत बनते. म्हणून इंडेक्सची फाइल जोडत, सांधत बसायचं नाही, टाकून द्यायची. सांभाळायचा तो डेटा.

हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

## क्लोनमध्ये इंडेक्सच का बिघडतो

थोडक्यात सांगतो कारण हे कळलं की पुढच्या पायऱ्या का आहेत ते कळतं.

इंडेक्सची फाइल सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट, सर्च, डेटा, ॲप्लिकेशन्स, विंडोज या फोल्डरात असते. विंडोज १० मध्ये तिचं नाव विंडोज डॉट ईडीबी, विंडोज ११ मध्ये विंडोज डॉट डीबी. मशीन चालू असताना ही फाइल सर्च सर्व्हिसने कायम उघडी ठेवलेली असते आणि तिच्यात सतत लिहिणं चालू असतं. तुम्ही विंडोज चालू ठेवूनच क्लोन केला असेल तर अशा उघड्या फाइलची कॉपी अर्धवट अवस्थेत येऊ शकते.

चांगली क्लोनिंग सॉफ्टवेअर यासाठी विंडोजची शॅडो कॉपी वापरतात, म्हणजे एका क्षणाचा स्थिर फोटो घेऊन त्याची कॉपी. पण इथे एक गंमत आहे जी फार कमी जणांना माहीत असते. विंडोज सर्चचा स्वतःचा एक शॅडो कॉपी रायटर आहे आणि त्याचं कामच हे आहे की शॅडो कॉपीतून इंडेक्सच्या फाइल काढून टाकायच्या. म्हणजे क्लोनवर इंडेक्स नसणं हे कधीकधी बिघाड नसून ठरवून झालेलं असतं, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, मात्र सांगत असते की सेटअप पूर्ण झालाय. बहुतेक वेळा विंडोज ते ओळखून आपणहून नवीन इंडेक्स बनवतं, कधी अडकतं.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर. जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा, होते, क्लोनिंगवेळी ते वाचता आले नाहीत आणि सॉफ्टवेअरने ते सोडून पुढे कॉपी केली. मग इंडेक्स बिघडणं हे फक्त वर दिसलेलं लक्षण, खाली तुमच्या इतर फाइलही खराब झालेल्या असू शकतात. पायरी ३ त्यासाठीच आहे आणि तीच लोक गाळतात.

## पायरी १: तयारी, हात लावायच्या आधी

जुनी ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. विकू नका, भावाला देऊ नका, बाजूला ठेवा. क्लोन पूर्ण तपासून होईपर्यंत तीच तुमची खरी प्रत आहे.

आणि ती मशीनमधून काढून ठेवा. क्लोन म्हणजे डिस्कची ओळखसुद्धा कॉपी होते, दोन्ही एकदम जोडल्या की विंडोजला दोन डिस्क एकाच ओळखीच्या दिसतात, एक ऑफलाइन जाते किंवा तिची ओळख बदलली जाते, ड्राइव्ह लेटरची अदलाबदल होते, आणि तुम्ही ज्या ड्राइव्हवर दुरुस्ती करताय ती कुठली हेच कळेनासं होतं. यूएसबी केसमध्ये जोडलेली असेल तर तीही काढा.

मग हे करून ठेवा:

- महत्त्वाच्या फाइलची वेगळी कॉपी एका बाहेरच्या ड्राइव्हवर. क्लोन आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरू नका.
- कंट्रोल पॅनेलमधलं इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडून कुठले फोल्डर यादीत आहेत त्याचा मोबाइलने फोटो काढा. मॉडिफाय दाबून आतली निवडही बघून घ्या. पुढे रीसेट केलं की ही यादी मूळ डिफॉल्टवर जाते आणि मग डी ड्राइव्हवरचा हिशोबाचा फोल्डर यादीत होता का नव्हता हे आठवत बसावं लागतं.
- बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा.
- लॅपटॉप चार्जरवर. बॅटरीवर इंडेक्सिंग मंदावतं किंवा थांबतं, आणि लोकांना वाटतं अडकलं.
- सी ड्राइव्हवर मोकळी जागा बघा. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार इंडेक्स साधारण फाइलच्या एकूण आकाराच्या १० टक्क्यांच्या आत बसतो, पण छोट्या छोट्या टेक्स्ट फाइल खूप असतील तर जास्त लागते. ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर आधी जागा करा.

इशारा: लॅपटॉप शट डाउन केला म्हणजे पूर्ण बंद झाला असं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टिमचा काही भाग झोपवून ठेवलेला असतो. या सगळ्या कामात मशीन परत सुरू करायचं असेल तेव्हा रीस्टार्टच दाबा.

## पायरी २: दुखणं नक्की इंडेक्सचंच आहे ना

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धे लोक इथेच सुटतात.

फाइल एक्सप्लोरर उघडा, डॉक्युमेंट्समध्ये जा आणि तिथल्या सर्च बॉक्समध्ये समोर दिसणाऱ्या एका फाइलचं नाव टाका. इथे बरोबर सापडली पण टास्कबारवरचा सर्च कोरा दिसतो किंवा उघडतच नाही, तर इंडेक्स ठीक आहे, बिघडलंय ते सर्चचं ॲप. टास्क मॅनेजरमधून सर्चहोस्ट, विंडोज १० वर सर्चॲप, एंड टास्क करा आणि मशीन रीस्टार्ट करून बघा. उगाच इंडेक्स उडवू नका.

एक्सप्लोररच्या सर्चमध्ये इंडेक्स चालू नाहीये म्हणून सर्च हळू होईल असा मेसेज आला, तर सर्व्हिसच बंद आहे. रन बॉक्समध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी टाकून विंडोज सर्च शोधा. स्टार्टअप टाइप डिसेबल्ड दिसलं तर थांबा आणि आठवा, एसएसडी टाकल्यावर तुम्ही एखादं एसएसडी फास्ट करून देणारं टूल चालवलं होतं का? अशी बरीच टूल्स एसएसडीचं आयुष्य वाढावं म्हणून इंडेक्सिंग बंद करून टाकतात. आजच्या एसएसडीला इंडेक्सिंगने काही होत नाही. ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा, स्टार्ट दाबा, प्रश्न संपला.

आता सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. खाली एक टिकमार्क असतो, या ड्राइव्हवरच्या फाइलचा मजकूरही इंडेक्स होऊ द्या अशा अर्थाचा. तो नसेल तर लावा. हा टिकमार्क फाइलच्या ॲट्रिब्यूटसोबत क्लोनमध्येही जसाच्या तसा येतो, म्हणजे जुन्या डिस्कवर कोणीतरी काढला असेल तर इथेही काढलेलाच मिळणार.

हे सगळं ठीक असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. इथे तीन गोष्टी शोधा:

- विंडोज सर्चकडून आलेला इव्हेंट ७०४०, म्हणजे इंडेक्सच्या फाइल खराब सापडल्या आणि सर्व्हिस स्वतः रीबिल्ड करून बघणार आहे.
- इव्हेंट ७०४२, म्हणजे इंडेक्सरच्या अडचणीमुळे सर्व्हिस थांबतेय. त्यात कॅटलॉग करप्ट आहे असं लिहिलेलं असेल तर निदान पक्कं.
- ईएसईएनटी (विंडोजचं डेटाबेस इंजिन) या सोर्सचा इव्हेंट ४७४, सोबत एरर उणे १०१८. हा विंडोज १० वर दिसतो. याचा अर्थ डेटाबेसचं पान लिहिलं एक आणि वाचताना आलं दुसरं.

तपासा: ४७४ दिसला तर पायरी ३ अजिबात गाळू नका. ही चूक सर्चची नसते, बहुतेक वेळा डिस्क, केबल किंवा कॉपी यांतली असते.

## पायरी ३: डिस्क आणि फाइल सिस्टिम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

आधी क्लोनिंग सॉफ्टवेअरचा लॉग शोधा. बहुतेक सॉफ्टवेअर लॉग ठेवतात, लोक फक्त शेवटचं हिरवं टिकमार्क बघतात. त्यात रीड एरर किंवा सेक्टर स्किप्ड असं काही असेल तर तो क्लोन विश्वासाचा नाही.

मग स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, दाखवणाऱ्या कुठल्याही टूलने जुन्या हार्डडिस्कची तब्येत बघा. त्यासाठी ती दुसऱ्या मशीनला जोडा, याच मशीनला नको. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत पडलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे ज्यांची दुरुस्ती झालीच नाही ते. सी५ शून्याच्या वर असेल तर क्लोन करताना काही फाइल अर्धवट आल्या असण्याची शक्यता दाट आहे. साटा ड्राइव्ह असेल तर सी७ पण बघा, तो आकडा वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टरची गडबड, स्वस्तातल्या अडॅप्टरवरून क्लोन केलेल्यांनी हे नक्की बघावं.

आता नवीन ड्राइव्ह. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा: सीएचकेडीएसके, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश स्कॅन. हे विंडोज चालू असतानाच होतं. एरर सापडल्या तर तीच कमांड स्लॅश एफ लावून द्या, पुढच्या रीस्टार्टला करू का असं विचारेल, वाय दाबा आणि रीस्टार्ट करा. रिझल्ट स्क्रीनवरून पटकन निघून जातो, तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगात विनइनिट या सोर्सखाली इव्हेंट १००१ मध्ये निवांत वाचता येतो.

स्लॅश आर लावायची घाई करू नका. ते पूर्ण ड्राइव्ह सेक्टर सेक्टर वाचतं, तासन्‌तास जातात, आणि चांगल्या एसएसडीवर त्यातून फारसं काही निघत नाही.

इशारा: चेकडिस्क फोल्डरांची रचना आणि नोंदी तपासतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. जुन्या डिस्कवर न वाचलेल्या जागी क्लोनमध्ये नुसते शून्य भरलेले असले तरी चेकडिस्क सगळं ठीक म्हणेल. म्हणून लॉगमध्ये रीड एरर असतील तर महत्त्वाच्या एक्सेल, टॅली, फोटो, मेलच्या फाइल स्वतः उघडून बघा.

फाइल सिस्टिम स्वच्छ झाली की सिस्टिम फाइल, आणि त्याच क्रमाने. आधी: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. यासाठी इंटरनेट लागतं. एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबल्यासारखं वाटतं, बंद करू नका. मग: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. क्रम उलटा केला तर एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल घेतं तो साठाच खराब असू शकतो, म्हणून डीआयएसएम आधी.

खूप एरर निघाल्या, परत परत निघत राहिल्या, किंवा लॉगमध्ये रीड एरर असूनही जुनी डिस्क अजून नीट वाचली जातेय, तर माझं स्पष्ट मत आहे की क्लोन नव्याने करा. या वेळी जुन्या ड्राइव्हवर सर्च सर्व्हिस आधी डिसेबल करून, किंवा अजून चांगलं म्हणजे क्लोनिंग सॉफ्टवेअरच्या बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरूच न करता. पॅच मारलेल्या क्लोनवर वर्षभर काम करण्यापेक्षा एक संध्याकाळ गेलेली परवडते. हां, जुनी डिस्क खडखड आवाज करत असेल तर मात्र पूर्ण क्लोनच्या नादी लागू नका, आधी फक्त महत्त्वाचे फोल्डर काढून घ्या.

## पायरी ४: ड्राइव्ह लेटर आणि परवानग्या

क्लोननंतर ड्राइव्ह लेटर सरकतात. आधी डी होता तो ई झाला, आणि इंडेक्सच्या यादीत अजून डी लिहिलेलं आहे. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये असं लोकेशन उपलब्ध नाही असं दिसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लेटर पूर्वीचंच द्या, ते यादी बदलण्यापेक्षा बरं, कारण शॉर्टकट आणि बाकीची सॉफ्टवेअरही त्याच लेटरवर अवलंबून असतात. सी ड्राइव्हच्या लेटरला हात लावायचा नाही.

ॲडव्हान्स्डमध्ये इंडेक्स लोकेशनही बघा. कोणीतरी जागा वाचवायला इंडेक्स दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि ती ड्राइव्ह आता मशीनमध्येच नाहीये, असं असेल तर सिलेक्ट न्यू दाबून लोकेशन परत सी वरच्या प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट या जागी आणा.

सी चा क्लोन केला पण डी चा डेटा साध्या कॉपी पेस्टने आणला असेल तर परवानग्या तपासा. इंडेक्सर सिस्टिम या अकाउंटने चालतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर सिस्टिम नावच नसेल तर तुम्हाला फाइल उघडते, इंडेक्सरला नाही, आणि तो फोल्डर सर्चमध्ये कधीच येत नाही. सिस्टिमला रीड देऊन टाका.

## पायरी ५: साधा रीबिल्ड

आता ते बटण. इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, इंडेक्स सेटिंग्ज टॅब, रीबिल्ड. ॲडमिन अकाउंट लागेल.

दाबायच्या आधी यादीतून नको ते काढा. सॉफ्टवेअरचे सोर्स कोड, जुन्या बॅकअपचे ढीग, हे काही शोधायची वेळ येत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच माहितीनुसार ४ लाखांच्या वर आयटम गेले की इंडेक्सचा वेग बिघडायला लागतो, आणि १० लाखांच्या पुढे तो साफ झोपू शकतो.

मग सोडून द्या. खरंच सोडून द्या. इंडेक्सर मुद्दाम असा बनवलाय की तुम्ही काम करत असताना तो मागे सरकतो, तसा मेसेजही तिथे दिसतो. समोर बसून दर पाच मिनिटांनी विंडो उघडून बघितली की तो हळू चालतो आणि तुमचा जीव वरखाली. चार्जरवर स्लीप बंद करून रात्रभर ठेवा.

तपासा: सकाळी आयटमचा आकडा वाढलेला आहे आणि इंडेक्सिंग कम्प्लीट आलंय? मग थेट पायरी ७ वर जा. आकडा शून्यावर किंवा रात्रीच्याच जागी आहे, रीबिल्ड दाबल्यावर विंडो हँग होते, किंवा बटणच करडं आहे? तर पुढची पायरी.

नेहमीची चूक: पूर्ण व्हायच्या आतच परत रीबिल्ड दाबणं. प्रत्येक वेळी सगळं शून्यापासून सुरू होतं.

## पायरी ६: जुना इंडेक्स बाजूला काढून कोरा सुरू करणं

इथे क्रम चुकला की काहीच होत नाही, म्हणून एकेक करत जा.

१. सर्व्हिसेस मध्ये विंडोज सर्चवर डबल क्लिक. आधी स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करून अप्लाय, मग स्टॉप. नुसतं स्टॉप केलं तर विंडोज ती सर्व्हिस थोड्या वेळात स्वतःच उठवतं, आणि तुम्ही फोल्डर हलवताना फाइल वापरात आहे असं येतं.

२. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये सर्चइंडेक्सर दिसत नाहीये ना बघा. दिसत असेल तर मिनिटभर थांबा, मग एंड टास्क.

३. एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स दाखवायला लावा, मग सी, प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट, सर्च, डेटा, ॲप्लिकेशन्स. परवानगी विचारली तर कंटिन्यू. आत विंडोज नावाचा फोल्डर आहे, त्याचं नाव बदलून विंडोज अंडरस्कोर जुना असं इंग्रजीत काहीही द्या. डिलीट नको, रीनेम.

इशारा: या फोल्डरचं नाव आणि सी वरच्या मुख्य विंडोज फोल्डरचं नाव एकच आहे. वरच्या ॲड्रेस बारमध्ये सर्च आणि ॲप्लिकेशन्स हे शब्द दिसतायत याची खात्री करूनच नाव बदला.

४. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचं टूल, उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज सर्च. या कीवर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करून ठेवा. उजवीकडे सेटअपकम्प्लीटेडसक्सेसफुली नावाची व्हॅल्यू आहे, तिथे १ असेल, ते ० करा. क्लोनवर हीच व्हॅल्यू खोटं सांगत असते की सेटअप झालेला आहे, शून्य केलं की सर्व्हिस पहिल्यापासून सगळं मांडते. परवानगी नाही असं आलं तर मालकी बदलण्याच्या भानगडीत पडू नका, ही एक पायरी सोडून पुढे जा, बहुतेक वेळा फोल्डर बदलणं पुरतं.

५. परत सर्व्हिसेस. स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट, अप्लाय, स्टार्ट. हे विसरू नका, डिसेबल्ड ठेवून रीस्टार्ट केलं आणि मग अजून चालत नाही म्हणून वैतागलेले खूप जण बघितलेत.

६. रीस्टार्ट करा. दहाएक मिनिटांनी त्याच ठिकाणी नवीन विंडोज फोल्डर तयार झालेला असेल. मग पायरी १ मधला फोटो समोर ठेवून लोकेशन परत भरा आणि रात्रभर सोडा.

ईएसईएनटीयूटीएल नावाच्या टूलने जुनी ईडीबी फाइल रिपेअर करायच्या सूचना जागोजागी सापडतील. त्या वाटेला जाऊ नका. रिपेअरमध्ये ते टूल खराब पानं फेकून देतं, उरलेली यादी अर्धवट राहते आणि कुठलं अर्धवट ते कळत नाही. कोरा इंडेक्स नेहमी त्यापेक्षा भरवशाचा.

कोरा इंडेक्ससुद्धा आठवड्याभरात परत बिघडला आणि परत ४७४ किंवा ७०४२ दिसू लागला, तर परत परत हीच पायरी करत बसू नका. आता संशय नवीन एसएसडीवर किंवा रॅमवर. एसएसडीच्या कंपनीच्या टूलने तिचं फर्मवेअर आणि तब्येत बघा, रन बॉक्समध्ये एमडीस्केड टाकून मेमरी टेस्ट करा.

आउटलुक क्लासिक वापरणाऱ्यांनी एवढंच: आउटलुक चालू ठेवून इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या यादीत ते दिसतंय का बघा, आणि फाइल मेनूतून सर्चच्या सेटिंगमध्ये त्याला टिक आहे का. ओएसटी फाइल (सर्व्हरवरच्या मेलची मशीनवरची कॉपी) खराब असेल तर आउटलुक बंद करून तिचं नाव बदला, सर्व्हरवरून नवीन बनते. पीएसटीचं तसं नाही, ती तुमची मूळ मेल आहे, आधी कॉपी घ्या आणि मगच स्कॅनपीएसटीने तपासा.

## पायरी ७: झालं का ते नीट तपासणं

नुसतं एक नाव सापडलं म्हणजे झालं असं नाही. नोटपॅडमध्ये एक नवीन फाइल बनवा, आत असा शब्द लिहा जो बाकी कुठेही नसेल, डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करा आणि थोड्या वेळाने तो आतला शब्द शोधा. सापडला म्हणजे इंडेक्स नवीन फाइल पकडतोय आणि मजकूरही वाचतोय. मग ती फाइल डिलीट करून परत शोधा, नाहीशी झाली पाहिजे. मग हीच गोष्ट डी ड्राइव्हवर.

नाव सापडतं पण आतला मजकूर सापडत नाही? ॲडव्हान्स्डमधल्या फाइल टाइप्स टॅबमध्ये त्या एक्स्टेन्शनसमोर फक्त प्रॉपर्टीज निवडलेलं असेल, प्रॉपर्टीज आणि फाइल कंटेंट्स करा. वनड्राइव्हच्या ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे, त्या मशीनवर नाहीतच, त्यांचं नाव सापडेल, मजकूर नाही.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये दिसायला देवनागरी असते, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचेच कोड असतात. तुम्ही सर्चमध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, ठराव किंवा अर्ज असं टाइप केलं तर त्या फाइल कधीच सापडणार नाहीत, जुन्या डिस्कवरही सापडत नव्हत्या, आणि कितीही वेळा रीबिल्ड केलं तरी सापडणार नाहीत. त्या युनिकोडमध्ये कन्व्हर्ट कराव्या लागतील. ग्रामपंचायत, सोसायटी, वकील, शाळा, सगळीकडे अशा फाइलचे ढीग आहेत, तेव्हा तपासणीसाठी चाचणीची फाइल युनिकोडमध्येच बनवा. तसंच स्कॅन केलेला सातबारा किंवा खरेदीखताची पीडीएफ म्हणजे चित्र आहे, त्यात शोधण्यासारखा मजकूर नाही. अशा फाइलना नावं तरी नीट द्या, गट नंबर आणि गावासकट.

पुढचा आठवडाभर रोजचं काम करा आणि मधे एकदोनदा इव्हेंट व्ह्यूअर उघडून ७०४० आणि ७०४२ परत आलेत का बघा. नसतील तर रीनेम केलेला जुना इंडेक्स फोल्डर डिलीट करा, बऱ्याचदा काही जीबी मोकळे होतात. जुनी हार्डडिस्क पुसायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, बाहेरच्या ड्राइव्हवरच्या कॉपीमधल्या फाइल उघडतायत हे बघून, आणि तिला जोडताना दुसऱ्याच मशीनला जोडून.